शिंगराची पारख

आमच्या निफाड तालुक्याला लिलाव काही नवा नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, एक जण ढिगात हात घालून चार कांदे वर काढतो, अंगठ्याने साल चोळतो, आणि अर्ध्या मिनिटात शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टांचा भाव ठरतो. शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून नुसता बघत असतो. पण कांदा निदान पिकून, सुकून तयार झालेला असतो. जे समोर आहे त्याचाच भाव होतो. ज्याचे अजून काहीच झालेले नाही, त्याचा भाव कसा करायचा?

हा प्रश्न मला घोड्यांमुळे पडला. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. घोडा बाळगण्याची ऐपत आमच्या घरात कधी नव्हती. पण आमच्याकडून विंचूरवरून पुढे गेले की येवला. पैठणीसाठी आणि तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. जुन्या माणसांना मात्र येवला म्हटले की मंगळवारचा घोडेबाजार आठवतो. दसऱ्याच्या सुमारास तो विशेष भरतो. गाव वसवणाऱ्या रघुजीबाबा शिंद्यांच्या काळापासून तो चालू आहे, असे येवलेकर सांगतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे, तर त्याआधी घोडा हवा, हे ओघानेच आले. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्याचा घोडा पडला की त्याच्या पोटाची सोयच पडली. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना सांगायचो, की शिलेदाराने घोडा निवडण्यात चूक केली तर त्याच्या घरची चूल विझायची.

लहानपणी वडिलांबरोबर मी त्या बाजारात गेलो आहे. तिथे पहिले काम म्हणजे घोड्याचे ओठ उलटे करून दात बघणे. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. बैलाला आपण आदत, दुसा, चौसा म्हणतो, तसाच हा हिशेब. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर एक खोबण दिसू लागते आणि विसाव्या वर्षापर्यंत ती दाताच्या टोकाला पोचते. म्हणून म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून, वर डाग देऊन त्याला तरुण करण्याची विद्याही जगभर फार जुनी आहे!

दातांनंतर भोवरे. गळ्याखाली देवमण असला तर उत्तम. पुढच्या पायावरचा भोवरा खाली तोंड करून असेल तर तो खुंटागाड, म्हणजे मालकाचा खुंटा पक्का रोवणारा. वर तोंड करून असेल तर खुंटाउपाड. तसला घोडा फुकट दिला तरी कोणी दारात बांधत नसे. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी, त्याचा भाव वेगळा. हे सगळे झाले की दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी बोलत. त्याला हत्ता म्हणत. बाजूला उभ्या असलेल्याला किंमत कळायची नाही. शेतमालाच्या बाजारातून ही पद्धत कायद्याने गेली, जनावरांच्या बाजारात ती बरीच वर्षे टिकली.

शर्यतीच्या घोड्याची तऱ्हा वेगळी. माझा एक जुना विद्यार्थी पशुवैद्य आहे. पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर त्याने काही वर्षे काम केले. तो घरी आला की मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडतो. त्याच्याकडून कळले, की या थरोब्रेड घोड्यांचे दात बघायची गरजच नसते, कारण त्यांचा जन्म आणि आईबाप सगळे कागदावर असते. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची परंपरा इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोचते. आपल्या देशातली ही वंशावळ पुण्यात लिहिली जाते, आणि हल्ली आईबापांची डीएनए तपासणी झाल्याशिवाय त्यात नाव चढत नाही.

आणखी एक गंमत. शिंगरू जानेवारीत जन्मो की एप्रिलअखेर, कागदोपत्री या सगळ्यांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी. (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे १ ऑगस्ट.) हे ऐकून मी मोठ्याने हसलो. कारण शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म १ जूनचा! माझ्या वयाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आईला आठवायचे, 'हा झाला तेव्हा बाजरी काढणीला आली होती', आणि हेडमास्तर दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे मी स्वतः शिक्षक झालो तेव्हा हजेरीपटात इतके १ जून सापडले, की त्या दिवशी वर्गात पेढे वाटायचे तर हलवायाचे दुकानच उचलून आणावे लागले असते.

पण त्यात एक मेख आहे. जानेवारीतले शिंगरू आणि एप्रिलअखेरचे शिंगरू लिलावात शेजारी शेजारी उभे राहतात. दोन्ही कागदाने सारख्या वयाची. पहिले भरलेले, छाती रुंद. दुसरे हडकुळे, लांब पायांचे. बघणाऱ्याला पहिले दमदार वाटते, दुसरे किरकोळ. प्रत्यक्षात फरक चार महिन्यांच्या चाऱ्याचा असतो. पहिलीच्या वर्गात हेच व्हायचे. जवळजवळ वर्षभराचे अंतर असलेली दोन मुले एकाच बाकावर बसायची. मोठ्याला आम्ही हुशार म्हणायचो, धाकट्याला मंद.

बाकी तपासणी कशी होते, तेही त्याने सांगितले. शिंगरू सपाट जमिनीवर उभे करायचे आणि चार पावले दूर राहून नुसते बघायचे. मग ते चालवत दूर न्यायचे आणि सरळ आपल्याकडे आणायचे. पाय आत पडतात की बाहेर फेकले जातात, हे समोरूनच कळते. बाजूने बघताना पुढचा गुडघा मागे दबलेला नको, कारण धावताना सगळा ताण त्याच्यावर येतो आणि हाडाचा टवका उडतो. खांदा तिरपा हवा. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडला तर चाल लांब. दोन्ही खूर सारखे हवेत. आता तर एक्स-रे काढतात, नाकातून नळी घालून घसा तपासतात, कारण श्वास अडला तर बाकीचे सगळे फुकट.

"सर," तो म्हणाला, "लोकांना वाटतं आम्ही चांगला घोडा निवडतो. आम्ही फक्त नको असलेले गाळतो."

"मग गाळून उरलेल्यांत पळणारा कोणता?"

"ते त्या घोड्यालाही माहीत नसतं, सर."

१९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निकाल दिला. घोड्याची वंशावळ, तब्येत, जॉकीचे कसब यांचा अभ्यास करता येतो, हे खरेच आहे. पण ज्याने अजून एकही शर्यत पाहिलेली नाही त्या शिंगराबद्दल बोलायचे, तर कौशल्य कुठपर्यंत पुरते हे दोन गोष्टींवरून समजते.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात 'द ग्रीन मंकी' नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरना गेला. विक्रीआधी त्याने सुमारे दोनशे मीटर अंतर ९.८ सेकंदांत कापून दाखवले होते. घराणे उत्तम, बांधा निर्दोष, आणि बोली लावणारे जगातले नामांकित जाणकार. तो घोडा आयुष्यात तीन शर्यती धावला. एकही जिंकला नाही. सगळी मिळून कमाई साडेदहा हजार डॉलरच्याही आत.

दुसरी गोष्ट त्याआधीची, १९२८ सालची, न्यूझीलंडमधली. टेलफर्ड नावाच्या, पैशाने गांजलेल्या एका ट्रेनरने लिलावाची नुसती यादी वाचून, वंशावळीवर भरवसा ठेवून एक शिंगरू घ्यायला लावले. किंमत १६० गिनी. मालकाने ते प्रत्यक्ष पाहिले तेव्हा तो भयंकर संतापला. चेहऱ्यावर चामखिळी, अंग बेढब, चाल ओबडधोबड. 'याच्या शिक्षणावर मी पैसा घालणार नाही' म्हणून त्याने ते टेलफर्डलाच भाड्याने देऊन टाकले. तोच पुढचा 'फार लॅप'. १९३० चा मेलबर्न कप त्याने जिंकला. ५१ शर्यतींपैकी ३७ मध्ये पहिला आला. १९३२ मध्ये तो मेला तेव्हा त्याचे काळीज ६.२ किलो भरले. ते ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. लिलावाच्या दिवशीही ते काळीज त्याच्या छातीतच होते. पण ते कोणाला दिसणार?

अशा गोष्टी ऐकायला फार गोड असतात. शिक्षकांच्या सभेत तर हमखास टाळ्या मिळवतात. पण मला त्या ऐकल्यावर बाकीच्यांचे काय झाले, हे विचारावेसे वाटते. ज्यांच्या चेहऱ्यावर चामखिळी होत्या आणि जे पुढे जिंकलेही नाहीत, ते कुठे गेले? काही रपेटीला, काही टांग्याला. काहींचे काय झाले ते न विचारलेले बरे. एक वाट मात्र आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. पुण्याला १९४६ साली पूनावाला कुटुंबाने स्टड फार्म सुरू केला. तिथले शर्यतीच्या कामातून गेलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विष थोडे थोडे टोचत गेले की त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. धनुर्वातावरचे आणि सर्पदंशावरचे प्रतिविष त्यातूनच निघते. घोडे आपलेच, तर प्रतिविष आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. आमच्या मळ्यात साप चावलेला गडी ज्या इंजेक्शनाने वाचतो, त्यामागे असाच कोणी घोडा असतो. त्याने शर्यत जिंकली होती की नाही, हे त्या गड्याची बायको विचारायला जात नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्या भागात गारपीट झाली. माझ्या पुतण्याची द्राक्षबाग मणी धरलेली होती. संध्याकाळी तो बागेत गेला तेव्हा तारांवर नुसत्या सोललेल्या काड्या होत्या आणि खाली चिखलात घड. आधीच्या हंगामाचे थोडे पैसे त्याने बाजूला ठेवले होते. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "नाना, द्राक्षाला गार लागते. घोडीला तर लागत नाही ना?"

त्याने सगळे ठरवूनच ठेवले होते. सारंगखेड्याहून एक शिंगरू घ्यायचे, तयार करायचे, शर्यतीत उतरवायचे आणि तीन वर्षांनी चौपट किमतीला विकायचे. मोबाइलवर त्याने तसल्या बऱ्याच फिती पाहिल्या होत्या. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिला पुढे लातूरला क्लासला ठेवायचे, डॉक्टर करायचे, हे घरात ठरत आलेले होते. पैसे एकच, वाटा दोन.

दत्तजयंती बरोबर महिन्याने, २६ डिसेंबरला आली. आम्ही गाडी केली आणि येवल्याच्या बाजारात उभा जन्म घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना बरोबर घेतले. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला हा बाजार. मारवाडी घोडे, कानांची टोके एकमेकांना भिडलेले काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. कुठे ढोलावर घोडी नाचते आहे, कुठे रवाल चाल दाखवायला एखादा पट्ठ्या हातात भरलेला पेला धरून बसला आहे.

पुतण्याला एक कुमैत शिंगरू आवडले. चौदा महिन्यांची घोडी, अंग आरशासारखे, कपाळावर चांद. सव्वादोन लाख सांगितले. बाबांनी तिला चालवून बघितली, खाली वाकून पुढचे दोन्ही खूर न्याहाळले, आणि "येतो एक फेरी मारून" म्हणून निघाले. बरेच पुढे गेल्यावर म्हणाले, "डावा खूर पेल्यासारखा उभा है. आज कळत नाही, पळवली की लंगडंल." विकणाऱ्याच्या तोंडावर माल वाईट म्हणायचा नाही, हा बाजाराचा शिष्टाचार.

संध्याकाळी कडेच्या एका खुंट्याला दुसरी दिसली. डोके थोराड, बरगड्या मोजाव्यात अशी. नव्वद हजार सांगितले. बाबांनी तिच्या नळीवरून हात फिरवला, चारही खूर उचलून तळाचा वास घेतला, डोळ्यासमोर उपरणे हलवले, वीस पावले दुडकी चालवली. "काही खोट नाही," ते म्हणाले.

"पळंल का, बाबा?"

"पळायचं ती बघंल. तू मला एवढं सांग, नाही पळाली तर ठेवशील का?"

पुतण्या गप्प झाला. घोडे पंचवीस वर्षे जगते. रोजचा चारा, हरभरा, महिना-दीड महिन्याला खुरांचे काम, औषधपाणी. शर्यतीसाठी घेतलेल्या शिंगराचा हा हिशेब त्याने केलाच नव्हता. त्याचा हिशेब जिंकणाऱ्या घोडीचा होता. बाबांनी घाई केली नाही. शेवटी पुतण्याने त्या घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि मान हलवली. नाही म्हणून. आम्ही रिकाम्या हातांनी परत निघालो. धुळ्यापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

रात्री उशिरा जेवायला बसलो. झाला प्रकार ऐकून सूनबाई पहिल्यांदा बोलली. "हेच लातूरचे पैसे भरायच्या आधी विचारायला हवं," ती म्हणाली. मुलगी तिथेच ताट घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही, पण घास हातातच राहिला होता, तो मला दिसला.

पुतण्या बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसला. मग मुलीकडे न बघताच म्हणाला, "नाही लागला नंबर, तरी घर हे है." एवढेच. दहावीचा निकाल लागल्यावर ती लातूरला गेली. घोडीचे पैसे तिच्या फीला लागले. तिचे पुढे काय होईल, यावर आमच्या घरात पैज लावायला बंदी आहे.

शाळेत आम्ही हा प्रश्न कधी विचारला नाही. पाचवीला मुले आली की गुणांवर तुकड्या पडायच्या. 'अ' मध्ये गाळून उरलेली, 'ड' मध्ये गाळलेली. माझ्याकडे बरीच वर्षे 'ड' असायची. आता तुम्हाला वाटेल, की मी 'ड' मधून कलेक्टर झालेल्या एखाद्या मुलाची गोष्ट सांगणार. प्रत्येक शिक्षकाकडे तशी एक असतेच, माझ्याकडेही आहे. ती सांगत नाही. कारण ती सांगितली की उरलेल्या पन्नास जणांनी काहीच केले नाही, असा अर्थ निघतो. त्यांतला एक पिंपळगावला गॅरेज चालवतो, एकाची कांद्याची चाळ आहे, एक जण आईला डायलिसिसला घेऊन आठवड्यातून दोनदा नाशिकला जातो. रस्त्यात भेटले की गाडी थांबवून पाया पडतात. त्यांना गाळणारी चाळणी आमचीच होती, आणि तिची भोके एका परीक्षेएवढी होती.

पारख वाईट नाही. दुखरा खूर वेळीच दिसला तर घोड्याचेही भलेच होते. आकड्यात कच्चे मूल लवकर ओळखले तर त्याला जास्त वेळ देता येतो. पण दोष दिसला म्हणजे पुढचे सगळे दिसले असे नाही, आणि दोष नाही म्हणजे जिंकणारच असेही नाही. मधली सगळी जागा सांभाळणाऱ्याची असते. येवल्याच्या बाबांना हे शाळा न शिकता माहीत होते.

असो, लेख बराच लांबला. आपल्या नात्यागोत्यात दर वर्षी दोन-चार मुले कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसतातच. निकाल लागला की पेढे घेऊन मंडळी आमच्याकडे येतात. फार बरे वाटते. ज्यांना पेढे आणता येत नाहीत ती मात्र वर्षभर येत नाहीत, लग्नकार्यात दिसलीच तर खांबाआड उभी राहतात. त्यांच्या आईबापांना माझा निरोप द्या. पेढे नसले तरी चहाला या, आणि मुलाला बरोबर आणा.